आठ महिने आणि एक ‘टक’: सेल्फला रिले बसवल्यानंतरचा अनुभव

गार असताना या गाडीनं मला कधीच दगा दिला नाही. सकाळी चावी फिरवली की लगेच इंजिन जिवंत. खेळ व्हायचा तो तासभर दामटून चालवल्यावर, पेट्रोल भरायला म्हणून पाच-दहा मिनिटं बंद केली की. चावी स्टार्टला न्यावी, डॅशवरचे दिवे जरासे मंद व्हावेत आणि पुढे काहीच नाही. मागे रांग लागलेली, कुणीतरी फोटो काढतंय, आणि मी आत बसून चावी पुढे-मागे करतोय. जमिनीला टेकलेली स्पोर्ट्स कार ढकलायला लावणं यासारखी फजिती नाही. अर्धा तास थांबलं की हीच गाडी काही झालंच नाही अशा थाटात सुरू व्हायची.

दोन आसनी, इंजिन सीटच्या मागे, ऐंशीच्या दशकातली. अशी गाडी ज्यांच्याकडे आहे त्यांना बाकी सांगायला नको.

गॅरेजवाल्याचं निदान एका वाक्यात झालं: “सेल्फ गेलाय.” सेल्फ म्हणजे इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर. नवा सेल्फ बसवला. तीन आठवडे सुखाचे गेले, कारण तेवढे दिवस हवा गार होती. मग एका उन्हाच्या दुपारी पुन्हा तेच. परत गेलो तर म्हणे, आता बॅटरी बदलून बघू. ‘बघू’ हा शब्द माझ्या पैशानं वापरला जातोय हे तेव्हा लक्षात आलं. तिथून गाडी घेऊन आलो आणि मल्टिमीटर काढला.

पुढच्या वेळी गाडी गरम होऊन रुसली तेव्हा मी खाली सरपटलो, मीटरचं टोक सोलेनॉइडच्या (सेल्फवरचा विद्युतचुंबक, तो आतला दांडा म्हणजे प्लंजर ओढतो तेव्हाच सेल्फ फिरतो) ५० नंबरच्या टर्मिनलला, म्हणजे चावीकडची वायर येते तिथे, लावलं आणि बायकोला चावी धरून ठेवायला सांगितलं. बॅटरीवर १२.२ व्होल्ट. ५० वर ७.६. साडेचार व्होल्ट वाटेत कुठेतरी सांडत होते. वाट तरी केवढी! बॅटरीपासून फ्यूजबॉक्स, तिथून इग्निशन स्विच, मग क्लच स्विच (क्लच दाबल्याशिवाय सेल्फ लागू न देणारा), मग एक हिरवट पडलेला कनेक्टर, आणि तिथून गाडीच्या अख्ख्या लांबीची बारीक वायर मागे. सोलेनॉइड आत ओढला जाताना क्षणभर तीस-चाळीस अँपिअर मागतो. एवढा करंट स्विचमधल्या जुन्या, झिजलेल्या पॉइंटांमधून (एकमेकांना टेकणाऱ्या धातूच्या टोकांमधून) जाणार म्हटल्यावर व्होल्ट पडणारच.

मग गरम झाल्यावरच का? सोलेनॉइडच्या गुंडाळ्या तांब्याच्या, आणि तांब्याचा रोध दर अंशाला साधारण ०.४ टक्के वाढतो. एक्झॉस्टच्या शेजारी बसून तापमान ८० अंशांनी चढलं, तर रोध तीस टक्क्यांच्या वर गेला. म्हणजे आधीच कमी व्होल्ट, त्यात करंट आणखी कमी, मग प्लंजर ओढायला जोर येणार कुठून? फोक्सवॅगन बीटलवाले या दुखण्यावर रिलेचा, म्हणजे छोट्या करंटनं मोठा करंट चालू-बंद करणाऱ्या स्विचचा, इलाज फार पूर्वीपासून करत आलेत. त्यांचंही इंजिन मागे, चावी पुढे.

जोडणी अर्ध्या तासाची. सेल्फच्या जाड स्टडवरून (बॅटरीची केबल येते तो) ४ चौरस मिमीची वायर फ्यूजमधून रिलेच्या ३० नंबरच्या पिनेला. ८७ वरून थेट सोलेनॉइडच्या ५० वर. ५० वर जी जुनी वायर होती ती आता ८६ ला, आणि ८५ अर्थिंगला, म्हणजे गाडीच्या बॉडीला. रिलेच्या आत डायोड (करंट एकाच दिशेनं जाऊ देणारा भाग) असेल तर ८५-८६ उलटसुलट करू नका, प्लस ८६ लाच. एकानं सल्ला दिला होता की हे सगळं सोडून डॅशवर सरळ बटण लाव. नको. या जोडणीत क्लच स्विच जागेवर राहतो, गाडी गिअरमध्ये असताना उडी मारत नाही. फरक इतकाच की जुन्या वायरीतून आता फक्त रिलेच्या कॉइलपुरता, म्हणजे पाव अँपिअरपेक्षाही कमी करंट जातो.

त्याच दुपारी मुद्दाम तासभर पळवून आणली, बंद केली, दहा मिनिटांनी चावी फिरवली. टक, आणि लगेच सेल्फ. चालू सेल्फवर ५० ला १०.१ व्होल्ट. मी एकटाच हसलो.

आता त्या ‘टक’बद्दल. रिले मी सीटच्या मागच्या पत्र्यावर बसवला आणि तो पत्रा म्हणजे डफ. प्रत्येक स्टार्टला उजव्या कानामागे कुणीतरी टिचकी मारल्यासारखं. इतक्या देखण्या इंजिनाच्या आधी हा स्वस्त आवाज! दोन महिने मी त्याच्या मागे होतो: खाली रबर लावलं, फोम गुंडाळला, दुसऱ्या कंपनीचा रिले आणला. पाहुण्यांना ऐकू येत नाही म्हणतात. मला येतो.

पहिल्या महिन्यात लिहिलं असतं तर पाचपैकी पाच तारे दिले असते. पाचव्या महिन्यात, मोठ्या पावसानंतर, गाडी पुन्हा गप्प झाली. पण टक आली होती! म्हणजे चावी, क्लच स्विच, लांब वायर सगळं ठीक. बिघाड रिलेच्या पुढे. आधी ज्याला दोन आठवडे लागले ते निदान बसल्या जागी झालं. फोम सोडला तर आतून पाणी निथळलं. आवाज दाबायच्या नादात मी रिले पिना वर करून बसवला होता आणि फोमनं पाणी धरून ठेवलं. ३० ची पिन हिरवी पडलेली. नवा रिले, पिना खाली, फोम कचऱ्यात. टक आता पूर्वीपेक्षा मोठी आहे आणि मी ती कान देऊन ऐकतो. बॅटरी उतरली असेल तर तिची टरटर होते, तेव्हा चावी लगेच सोडायची, नाहीतर पॉइंट चिकटून बसतात.

आज आठ महिने झाले, गरम गाडी एकदाही अडली नाही. झिजलेला इग्निशन स्विच तसाच आहे, हेही कबूल करतो. बदलेन कधीतरी.

काढलेला जुना सेल्फ फळीवर पडून होता. परवा त्याला टेबलावर दाबून धरला आणि थेट बॅटरी दिली. असा उसळला की हातातून सुटता सुटता राहिला. विकावा म्हणतोय, पण घेणारा पहिला प्रश्न विचारणार, चांगला आहे तर काढला कशाला?