लँडिंग गिअरच्या बिघाडाचा सराव: बाणेरमधील एका सिम्युलेटर केंद्राविषयी

सेस्ना 172 या विमानाची चाके कायम बाहेरच असतात. त्यामुळे त्यावर उड्डाण शिकलेला विद्यार्थी दोन इंजिनांच्या विमानाकडे वळतो तेव्हा चाके आत घेणे आणि उतरण्यापूर्वी ती बाहेर काढणे ही जबाबदारी त्याच्यावर प्रथमच येते. ऑगस्ट 2025 मध्ये बारामतीला एका प्रशिक्षण विमानाचे पुढचे चाक निखळले आणि वैमानिक सुखरूप बचावला. त्या बातमीनंतर हा विषय केवळ पुस्तकातून शिकण्यावर माझे समाधान होईना, म्हणून पुण्यातील बाणेर परिसरातील एका सिम्युलेटर केंद्रात मी लँडिंग गिअरच्या, म्हणजे चाकांच्या यंत्रणेच्या, बिघाडाचा सराव घेतला.

या केंद्राचे मोठे बलस्थान म्हणजे तेथील प्रशिक्षक. पायपर सेनेका या दोन इंजिनांच्या विमानाच्या धर्तीवरील कॉकपिटमध्ये बसवून त्यांनी लोहगावहून उड्डाण करायला लावले आणि परतताना गिअरचा दांडा खाली केल्यावर चाके पक्की बाहेर आल्याची खूण असलेल्या तीन हिरव्या दिव्यांपैकी दोनच लागतील अशी व्यवस्था केली. माझा हात लगेच पुन्हा दांड्याकडे गेला, तेव्हा त्यांनी तो थांबवून आधी उतरणे रद्द करायला, उंची घ्यायला आणि विमान स्थिर करायला सांगितले. याचे कारण म्हणून त्यांनी एका अपघाताचे उदाहरण दिले. 29 डिसेंबर 1972 रोजी अमेरिकेतील मायामीजवळ ईस्टर्न एअरलाइन्सचे प्रवासी विमान कोसळले, ते चाकाचा एक जळालेला दिवा तपासण्यात सगळे कर्मचारी गुंतले असताना आणि विमान हळूहळू खाली येत आहे हे कोणाच्याही वेळेत लक्षात न आल्यामुळे. शंभरहून अधिक माणसे त्यात दगावली. प्रशिक्षकांनी हे उदाहरण घाईने सांगून सोडले नाही. दिव्याकडे कोणी पाहायचे आणि विमान कोणी सांभाळायचे, ही वाटणी त्यांनी प्रत्येक फेरीत आमच्याकडून मोठ्याने वदवून घेतली.

त्यानंतरचा भाग मला सर्वांत मोलाचा वाटला. दिवा लागला नाही म्हणजे चाक उघडलेच नाही असे नसते. बल्ब जळालेला असू शकतो, म्हणून शेजारचा लागलेला बल्ब काढून तेथे लावून पाहायचा. पायपरच्या काही विमानांत नॅव्हिगेशन लाइट (पंखांच्या टोकांवरचे व शेपटीवरचे दिवे) चालू असले की गिअरचे दिवे मंद होतात आणि भर उन्हात ते विझल्यासारखे दिसतात, हेही आधी तपासायचे. बिघाड खरा असेल तर वेग पुस्तिकेतील मर्यादेखाली आणून आपत्कालीन नॉब ओढायचा. त्यामुळे हायड्रॉलिक दाब सुटतो आणि चाके स्वतःच्या वजनाने खाली येऊन जागेवर पक्की बसतात. एवढे सगळे करण्यास वेळ असतो, कारण टाकीत इंधन असेपर्यंत घाई करण्याचे कारण नसते. मे 2024 मध्ये ऑस्ट्रेलियातील न्यूकॅसल येथे बीचक्राफ्ट किंग एअरच्या वैमानिकाने सुमारे तीन तास घिरट्या घालून इंधन कमी केले, मग चाकांविना विमान धावपट्टीवर टेकवले आणि विमानातील तिघेही सुखरूप बाहेर आले.

कोठे उतरावे यावरही चांगली चर्चा झाली. पुण्याची सारी प्रवासी वाहतूक ज्या धावपट्टीवर अवलंबून आहे ती आपल्या छोट्या विमानामुळे अडेल, या संकोचाने विद्यार्थी लोहगाव टाळू पाहतात. प्रशिक्षकांचे मत स्पष्ट होते, की 2,535 मीटरची धावपट्टी आणि सज्ज अग्निशमन दल जवळ असताना असा संकोच मनात आणू नये आणि ‘पॅन-पॅन’ हा तातडीचा रेडिओ संदेश वेळेवर पुकारावा. इंजिनाचा पंखा (प्रोपेलर) वाचवण्यासाठी हवेतच इंजिने बंद करण्याच्या मोहालाही त्यांनी ठाम विरोध केला. पंखा जमिनीला घासला तर इंजिन उघडून तपासावे लागते आणि तो खर्च मोठा असतो हे खरे, परंतु इंजिने आधीच बंद केली तर गो-अराउंडचा, म्हणजे उतरणे रद्द करून पुन्हा वर जाण्याचा, मार्ग उरत नाही.

उणिवा मात्र गंभीर आहेत. विमान धावपट्टीला टेकताच पडदा गोठतो आणि सराव संपतो. पुढचे चाक नसताना नाक शक्य तितका वेळ वर धरणे, वेग ओसरल्यावर ते अलगद टेकवणे, इंधन आणि विजेचा मुख्य स्वीच बंद करणे, उतरण्यापूर्वीच सैल करून ठेवलेल्या दारातून बाहेर पडणे, या सगळ्या कृती केवळ तोंडी सांगितल्या जातात. आपत्कालीन नॉबच्या जागी टचस्क्रीनवरचे बटण आहे, ही तर मला अक्षम्य तडजोड वाटते, कारण संकटात हाताला त्या नॉबची जागा आणि ओढ आधीपासून ठाऊक असायला हवी. शिवाय पुढची तुकडी दाराशी उभी असल्याने सरावानंतरची चर्चा आटोपती घ्यावी लागली.

शुल्क कमी नाही, तरीही दोन इंजिनांचे विमान चालवण्याची पात्रता (रेटिंग) घेणाऱ्यांनी हा सराव जरूर करावा. केवळ हौसेने कॉकपिटमध्ये बसू पाहणाऱ्यांसाठी तो नाही. नोंदणी करताना सलग दोन तासांची वेळ मागावी आणि दुसऱ्या तासाचा काही भाग विमान थांबल्यानंतरच्या कृतींसाठी राखून ठेवण्याची विनंती आधीच करावी. मी विचारले तेव्हा प्रशिक्षकांनी त्याची तयारी दाखवली होती.