इटालियनचे ११ महिने: अ‍ॅप, वही आणि पोर्ता पालाझ्झोचा बाजार

नवऱ्याच्या नोकरीमुळे इटलीतल्या तोरिनोला (ट्युरिन) आलो, मी ४२ची, शाळा सुटून जमाना झालेला, आणि इथे भाजीवाल्यापासून फार्मसीपर्यंत इंग्रजीवर काही भागत नाही. मग रोज सकाळी डबे झाले की ४० मिनिटं ठरवली, निम्मा वेळ फोनमधलं अ‍ॅप, निम्मा आंकीची कार्डं (शब्द पुन्हापुन्हा विचारून पाठ करवणारं अ‍ॅप) आणि वही. शिवाय आठवड्यातून दोनदा सीपीआयए, म्हणजे मोठ्यांसाठीची सरकारी शाळा, तिथे ए२ पर्यंत, म्हणजे रोजच्या साध्या बोलण्याच्या पातळीपर्यंत, इटालियन शिकवतात.

अ‍ॅपचं नाव घेत नाही. स्ट्रीक (सलग किती दिवस केलं तो आकडा) वाढते, हिरवे टिक येतात, मजा वाटते. पण १८० दिवसांची स्ट्रीक मिरवत मी पोर्ता पालाझ्झोला, इथल्या बाजारात, ऑलिव्ह घ्यायला गेले आणि बाईने विचारलं "दुए एत्ती वान्नो बेने?" (दोन एत्ती चालतील?), मी गप्पच. एत्तो म्हणजे १०० ग्रॅम! इथे चीज, ऑलिव्ह, हॅम सगळं याच मापात मागतात आणि सहा महिन्यांत हा शब्द एकदाही आला नव्हता. तसंच सगळं अरेतुरेत शिकवलेलं. अनोळखी माणसाला 'लेई' म्हणायचं असतं, आणि लेई म्हणजे 'ती' सुद्धा, त्यामुळे मिशीवाल्या फार्मासिस्टशी बोलताना क्रियापद 'ती'चं लावायचं. पहिल्यांदा हसू आवरेना.

खरा फरक पडला तो वहीत इंग्रजी लिहायचं बंद करून मराठी लिहायला लागल्यावर. 'मी पियाचे' इंग्रजीतून शिकताना डोकं फिरतं, आपल्याला काय, सरळ 'मला आवडतं'. पुस्तकं आवडत असली की 'मी पियाच्चोनो', म्हणजे 'आवडतात'. मी 'सोनो आन्दाता', नवरा 'सोनो आन्दातो', आमचं गेले आणि गेलो. आणि सगळ्यात भारी म्हणजे, पिझ्झा (इटालियनमध्ये ती पिझ्झा) कुठाय? 'लो मान्जाता'. भात कुठाय? 'लो मान्जातो'. खाल्ली, खाल्ला! वस्तूचं सर्वनाम आधी आलं की क्रियापद तिच्या लिंगाप्रमाणे बदलतं. वर्गात बाकीचे नियम पाठ करत होते, मला फक्त ऐकायचं होतं. त-द पण आपलेच, दातांवरचे.

लिंगं मात्र पाठच करावी लागतात. हात म्हणजे 'ला मानो', शेवटी ओ असून स्त्रीलिंगी, आणि प्रॉब्लेम 'इल प्रोब्लेमा', आ असून पुल्लिंगी. अंडं एक असेल तर पुल्लिंगी, दोन झाली की स्त्रीलिंगी, का ते विचारू नका. आणि जोडाक्षरं नीट म्हणा! वय सांगताना 'आन्नी'तला एक न खाल्लात तर अर्थ थेट बसायच्या जागेवर जातो, मी हे रांगेत उभं राहून मोठ्याने केलेलं आहे.

मार्क द्यायचे तर अ‍ॅपला ५ पैकी २, आंकीला ४ (अँड्रॉइडवर फुकट आहे, दिसायला मात्र कळकट), बाजाराला ५. नागरिकत्वासाठी बी१, म्हणजे ए२च्या वरची पातळी, लागतं, तेवढं लांबचं मी बघतच नाहीये, कारण समोरासमोर जमतं पण फोनवर अजून घाम फुटतो, हातवारे दिसत नाहीत ना. परवा गॅसवाल्याचा फोन आला, मी "प्रोन्तो" (हॅलो) म्हटलं आणि फोन नवऱ्याच्या हातात दिला, तो माझ्याहून कच्चा, त्याने "उन मोमेन्तो" (एक मिनिट) म्हणून परत मलाच दिला.