फॉरेन सीपीएल कन्व्हर्जनचा साताऱ्यातला क्लास : शिकवणीला पैसे द्या, फुल पॅकेजला नको

साताऱ्यात डीजीसीए कन्व्हर्जनचा, म्हणजे परदेशातलं सीपीएल (कमर्शियल पायलट लायसन्स) आपल्या विमान खात्याकडून, डीजीसीएकडून, इथलं करून घ्यायचा क्लास आहे म्हटलं की या लाइनमधले निम्मे लोक हसतात, कारण ग्राउंड क्लासेस (लेखी पेपरांची शिकवणी) म्हटलं की पोरं सरळ दिल्लीला जाऊन द्वारकेत खोली बघतात. शाहूपुरीतला हा क्लास म्हणजे एका बंगल्याचा वरचा मजला, बोर्ड पण धड नाही, शिकवायला एअरफोर्समधून रिटायर झालेले सर आणि खाली ऑफिसात फाइली बघणारा एक माणूस. हे दोन वेगवेगळे धंदे आहेत असं समजूनच वाचा, कारण वरच्या मजल्याला मी पाचपैकी साडेचार देईन आणि खालच्याला दोन, ते पण चहा बरा असतो म्हणून.

माझं लायसन्स अमेरिकेतलं, एफएएचं (तिथलं विमान खातं), ॲरिझोनात केलेलं. राईट बंधूंचे फोटो असलेलं ते प्लास्टिकचं कार्ड बघून घरच्यांना वाटलं पोरगी पायलट झाली, आता पगार कधी सुरू. पण त्या कार्डावर इथल्या एअरलाइनमध्ये कोण उभं करत नाही. आधी कॉम्प्युटर नंबर (डीजीसीएच्या परीक्षेचा उमेदवार क्रमांक) काढा, मग एअर रेग्युलेशन आणि कॉम्पोझिट (नेव्हिगेशन आणि मेट म्हणजे हवामान एकत्र) असे दोन पेपर ७० टक्क्यांनी पास व्हा, आरटीआर (विमानातल्या रेडिओची परीक्षा आणि लायसन्स) काढा, क्लास टू आणि मग क्लास वन मेडिकल करा कारण अमेरिकेतलं मेडिकल इथं चालत नाही, तुमचं लायसन्स खरं आहे का हे एफएएकडून व्हेरिफाय होऊन यायची वाट बघा, आणि एवढं सगळं होईपर्यंत तुमचे चेक (परीक्षकाबरोबरच्या फ्लाइट टेस्ट) जुने झाले असतील तर परत उडा.

सरांकडं गेल्यावर पहिल्या दिवशी पुस्तक उघडलंच नाही. म्हणाले, "लॉगबुक आण." आणि मग पट्टी आणि लाल पेन्सिल घेऊन एकेक ओळ. मला वाटलेलं २०० तास हवेत, माझ्याकडं त्याहून बरेच जास्त आहेत, विषय संपला. तर सर टोटलकडं बघेचनात, पीआयसीचा (पायलट इन कमांड, म्हणजे विमान तुमच्या जबाबदारीवर असतानाच्या तासांचा) कॉलमच बघत बसले. गोम अशी आहे की अमेरिकेत एकदा प्रायव्हेट लायसन्स हातात आलं की इन्स्ट्रक्टर शेजारी बसलेला असला तरी कंट्रोल तुमच्या हातात असतील तर ते तास पीआयसीत लिहिता येतात, तिथल्या नियमात ते बरोबर आहे. वर सेफ्टी पायलटचा प्रकार, म्हणजे एकजण बाहेरचं दिसू नये म्हणून हूड घालून उडवणार, दुसरा बाहेर बघणार आणि तेवढ्या वेळाचे पीआयसी दोघांच्याही लॉगबुकात. पैसे वाचवायला तिथं सगळी पोरं हेच करतात आणि स्कूलवाले पण हेच सुचवतात, इंडियात जायचंय का एवढं सुद्धा विचारत नाहीत. डीजीसीएला १०० तास पीआयसी लागतात आणि इन्स्ट्रक्टरबरोबरचे किंवा सेफ्टी पायलटचे तास त्यात धरत नाहीत. लाल रेघा मारून झाल्यावर काठावर का होईना, पण बसले माझे. माझ्याबरोबरच्या एका मुलाचे नाही बसले. हे त्याला फाइल रिजेक्ट झाल्यावर कळण्यापेक्षा शाहूपुरीत कळलं ते बरं झालं. ३०० नॉटिकल माइलची क्रॉस कंट्री, रात्रीचे पाच तास आणि त्यातले दहा टेकऑफ दहा लँडिंग, हे पण सरांनी तारखेनिशी वेगळ्या कागदावर काढून दिलं. नुसत्या या एका बैठकीसाठी फी वसूल आहे.

शिकवणं कसं आहे? रेग्युलेशन उत्तम. अमेरिकेत शिकलेल्याच्या डोक्यात १८ हजार फुटांची ट्रान्झिशन अल्टिट्यूड (उंचीमापक स्टँडर्ड प्रेशरवर लावायची उंची), हवेच्या दाबाचे पाऱ्याचे इंच आणि स्टॅट्यूट माइलमधली व्हिजिबिलिटी बसलेली असते, इथं हेक्टोपास्कल आणि मीटर आणि ट्रान्झिशन अल्टिट्यूड प्रत्येक एअरपोर्टची वेगळी. तिकडं आम्ही रात्री व्हीएफआर (म्हणजे बाहेर डोळ्यांनी बघून) आरामात उडायचो, इथं ट्रेनिंगच्या लोकल फ्लाइटसारखे अपवाद सोडले तर सूर्यास्तानंतर व्हीएफआर बंद. सर आधी "तुमच्याकडं काय होतं?" विचारतात आणि मग इथलं सांगतात, त्यामुळं जुनं आणि नवं मिसळत नाही.

मेट तर लय भारी. ॲरिझोनात उन्हाळ्यातल्या वादळांना पण मान्सूनच म्हणतात, कास-ठोसेघरचा पाऊस बघितलेल्या माणसाला हसूच येतं. पण पेपरात काळबैसाखी (बंगालकडची उन्हाळी वादळं) येते, वेस्टर्न डिस्टर्बन्स येतो, आणि यातलं आपल्याला तिथं कुणी काय शिकवलेलं नसतं. सरांनी खिडकीतून यवतेश्वरचा डोंगर दाखवला आणि विचारलं, महाबळेश्वरला धो धो आणि माण-खटावला टँकर, जिल्हा एकच, मग असं का? वारा डोंगर चढताना थंड होतो आणि पाऊस टाकतो, पलीकडं उतरताना कोरडा होतो, हे मी वाचलेलं होतंच, पण आता कुठलाही प्रश्न आला की आधी म्हसवड आठवतं.

नेव्हिगेशन मात्र कच्चं. सरांची नोकरी रेडिओ आणि एटीसीकडची, त्यामुळं लॅम्बर्ट, मर्केटर, कन्व्हर्जन्सी हे सगळं नकाशांचं गणित पळवतात. आणि आम्ही सगळे आयपॅडवर रूट काढणारे, गोल फिरवायचा नेव्हिगेशन कॉम्प्युटर हातात घेतला की वाऱ्याची बाजूच उलटी लावतो. यासाठी वेगळी ऑनलाइन बॅच लावावी लागली, तो खर्च धरून चाला.

ती कसर आरटीआरमध्ये भरून निघते. पूर्वी ही परीक्षा टेलिकॉमकडचे डब्ल्यूपीसी घ्यायचे, २०२४ च्या भारतीय वायुयान अधिनियमानंतर ती डीजीसीएकडं आलीय. सर पडद्यामागं बसून कंट्रोलर होतात, आपण इकडं पायलट, आणि फ्रिक्वेन्सी सांगताना अमेरिकन सवयीनं "पॉइंट" म्हटलं की पडद्यामागून फक्त खोकतात, "डेसिमल" म्हणेपर्यंत पुढं सरकत नाहीत. मेडेची (रेडिओवरच्या संकटातल्या हाकेची) पूर्ण ट्रान्समिशन इतक्या वेळा करून घेतली की मी घरी पण तेच घोकायचे आणि आई खालच्या खोलीतून विचारायची, आज कुठं पडलीस.

आता खालचा मजला. फुल पॅकेज म्हणजे ईजीसीएवर (डीजीसीएच्या ऑनलाइन पोर्टलवर) लायसन्सची फाइल भरणं, कागद स्कॅन करणं, फॉलोअप. कामाच्या मानानं पैसे भरमसाठ. अकाउंट तुमच्याच नावाचं, ओटीपी तुमच्याच फोनवर, म्हणजे बसायचं तुम्हालाच. माझ्या फाइलला लॉगबुकची पानं उलटसुलट जोडली होती, मी बघितली म्हणून सबमिट व्हायच्या आधी वाचली. आणि आपल्याकडचा नेहमीचा घोळ, बारावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, पासपोर्टवर नाव आधी. हे त्या माणसाच्या गावीच नव्हतं, सरांनी जिन्यात थांबून सांगितलं की नोटरीकडून ॲफिडेव्हिट करून ठेव. विचारलं की त्याचं उत्तर ठरलेलं, "होऊन जाईल मॅडम." फाइल स्वतः भरा, दोन संध्याकाळचं काम आहे.

फ्लाइंग इथं नाही, त्याचं आश्वासनही देत नाहीत हे चांगलं. चेक जुने झाले असतील तर बारामतीसारख्या ठिकाणच्या फ्लाइंग स्कूलला जावं लागतं आणि तिथं विमान आणि हवा दोन्हीची वाट बघायची तयारी ठेवा. तुम्ही अजून बाहेर असाल तर सर म्हणतात परतीचं तिकीट काढायच्या आधी लॉगबुकचे फोटो पाठवा, काय कमी पडत असेल तर तिथंच उडून या. त्याचे ते पैसे घेत नाहीत.

फी दिल्लीच्या निम्म्याच्या आसपास, खोलीभाडं वाचतं ते वेगळं. बॅच छोटी असते, संध्याकाळची. गाडी गल्लीत लावू नका, समोरचे काका हवा सोडतात. सर फोन उचलत नाहीत, मेसेज टाका आणि त्यात टोटल तास नाही, पीआयसी किती ते लिहा.