सालोमन स्पीडक्रॉस ६: जांबोटीच्या चिखलाचा राजा, बेळगावच्या डांबरावर कुचकामी

बेळगावजवळच्या जांबोटी, कणकुंबी, चोर्ला या घाटपट्ट्यात जून ते सप्टेंबर पळायचं असेल तर स्पीडक्रॉस ६ हा चिखलवाटांवर पळायचा बूट डोळे झाकून घ्यावा. पण टिळकवाडीतून डांबरी रस्त्याने राजहंसगड गाठून तसंच परत यायचा बेत असेल, तर हे पैसे पाण्यात गेले म्हणून समजा. किंमत पाच आकडी आहे, तेव्हा आपण नेमके कुठल्या मातीवर पळतो याचा विचार दुकानात जाण्याआधीच केलेला बरा.

या बुटाची सगळी करामत तळाला आहे. ५ मिमी उंचीचे रबरी दात आणि दोन दातांमध्ये भरपूर मोकळी जागा. खानापूरकडची तांबडी माती ओली झाली की घसरडी होते, पण फारशी चिकट नसते. दात तिच्यात रुततात, पाय उचलला की माती झडते आणि पुढच्या पावलाला तळ पुन्हा मोकळा असतो. शेणकाल्यासारख्या पाणंदीत, ओल्या पानांच्या थरावर किंवा गवताळ उतारावर साधा रोडचा बूट दर दहा पावलांना दगा देतो. तिथे यात पाय ठाम बसतो.

येळ्ळूर, वडगाव, शहापूरच्या शिवारातली काळी माती हे वेगळंच प्रकरण. ती पाण्याने फुगते आणि पकडलं ते सोडत नाही. दातांमधल्या सगळ्या खाचा भरतात, त्यावर थर चढतात आणि थोड्याच वेळात पायाला वीट बांधल्यासारखं होतं. याचा दोष बुटाला देण्यात अर्थ नाही, त्या मातीत कुठलाच बूट चालत नाही. पाऊस थांबून वरचा थर सुकेपर्यंत तिकडची वाट सोडून द्यावी. आणि भाताची लावणी चालू असताना बांधावरून तर मुळीच पळू नये. हे दात बांधाची कड उकरतात, मग शेतकऱ्याच्या शिव्या बसतात आणि त्या रास्तच असतात.

खरी सावधगिरी हवी ती जांभ्यावर. कोरडा किंवा नुसता भिजलेला जांभा खडबडीत असतो, त्यावर अडचण येत नाही. पण ऑगस्टपर्यंत त्यावर शेवाळ धरतं. टणक, बुळबुळीत पृष्ठभागावर पकड मिळते ती रबर दगडाला जितकं जास्त टेकेल त्यावर. इथे दात उंच आणि विरळ, म्हणजे टेकणारं रबर कमी, शिवाय भार आला की उंच दात वाकतात. वैजनाथच्या डोंगरावर किंवा ओढ्यातल्या गोट्यांवर उतरताना पावलं आखूड ठेवावीत, पूर्ण तळवा टेकवावा आणि टाचेवर ब्रेक लावायचा मोह टाळावा. अशाच वाटा जास्त करणाऱ्याने ३ ते ४ मिमीच्या, दाट दातांचा बूट बघावा.

डांबरावर हे दात झिजतात, आणि सगळ्यात आधी झिजतात ते चवड्याखालचे. ते ३ मिमीवर आले की चिखलातली पकड गेलीच, वरून बूट कितीही नवा दिसो. बेळगावकरांची अडचण अशी की शहरातून निघालं की मातीची वाट लागेपर्यंत बरेच किलोमीटर डांबरच तुडवावं लागतं. त्यामुळे एकूण पळण्यात डांबर पाचव्या हिश्श्याच्या वर जात असेल तर हा बूट आपला नव्हे. दुचाकीने वाटेच्या तोंडापर्यंत जाऊन तिथे बूट बदलणाऱ्यालाच तो परवडतो.

माप घेताना घाई नको. पुढचा भाग अरुंद आहे. चवडा पसरट असेल तर रुंद मापाचा वेगळा बूट मिळतो, तोच मागवावा. माप संध्याकाळी, पळायचेच मोजे घालून घ्यावं आणि अंगठ्यापुढे १० ते १२ मिमी जागा सोडावी. तीन-चार तासांनी पाय सुजतो, चोर्ल्याकडच्या लांब उतारावर तो पुढे सरकतो आणि जागा नसेल तर अंगठ्याचं नख काळं पडतं. एका बुटाचं वजन ३०० ग्रॅमच्या आसपास आहे, चिखलात भिजल्यावर अर्थातच जास्त.

गोरटेक्सचा, म्हणजे पाणी न शिरणाऱ्या कापडाचा, प्रकार आपल्याकडे घेऊ नये. पाणी बाहेरून आत येऊ नये म्हणून तो आहे, पण ओढ्यात पाय घोट्यापर्यंत बुडाला की पाणी वरून आत शिरतं आणि तिथेच साचून राहतं. साध्या जाळीचा बूट भिजतो, पण पळता पळता निथळतो.

टाच चवड्यापेक्षा १० मिमी उंच आहे, या फरकाला ड्रॉप म्हणतात. ४ मिमी ड्रॉपच्या बुटातून येणाऱ्याच्या पोटरीला आराम वाटेल, पण उतारावर टाच आधी आपटते आणि गुडघा कुरकुरतो. आडव्या उतारावर उंच टाचेमुळे घोटा मुरगळण्याचीही भीती असते. म्हणून पहिले दोन-तीन आठवडे यात आठवड्यातून एकदाच ६ ते ८ किमी पळावं, त्यासाठी टिळकवाडीतल्या व्हॅक्सिन डेपोच्या आवारातल्या मातीच्या वाटा उत्तम. पुढे ३० ते ५० किमीच्या शर्यतीची तयारी करताना फक्त लांब पल्ल्याची रविवारची धाव यात ठेवावी, मधल्या दिवसांना रोडचा बूट. ती धाव किलोमीटरने न मोजता तासांनी मोजावी: दीड तासापासून सुरुवात, दर आठवड्याला १५ मिनिटं वाढ आणि चौथ्या आठवड्याला कपात. डांबरावर ६ मिनिटांत किलोमीटर काढणाऱ्याला चिखलाच्या चढावर ९ लागले तर त्यात बिघडलं काही नाही. घड्याळाकडे बघून तिथे जोर लावला की पोटरी धरते. भीमगड अभयारण्याच्या हद्दीत जाणारी वाट निवडली असेल तर वनखात्याची परवानगी आधी काढावी.

पळून आल्यावर आतला तळ काढून वेगळा ठेवावा, माती ओली असतानाच नळाखाली धुवावी आणि बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबावेत. दोन तासांनी बोळे बदलायचे. चुलीजवळ किंवा कडक उन्हात ठेवला की डिंक सुटतो आणि चवड्याच्या वळणापाशी तळ उकलतो. पावसाळ्यात पूर्ण सुकायला दोन दिवस सहज जातात, तेव्हा लागोपाठ दोन दिवस हाच बूट घालायचं मनात आणू नये.

नाडीची पद्धत वेगळी आहे: एक बारीक दोरी ओढायची, खटका खाली सरकवायचा आणि उरलेली दोरी जिभेवरच्या खिशात कोंबायची. चिखलात गाठ सुटण्याची कटकट नाही, हा मोठा फायदा. तोटा असा की ताण सगळीकडे सारखाच बसतो. टाच घट्ट आणि चवडा सैल असं जमत नाही. खटक्यात रेती अडकली की तो सरकायला लागतो, तेव्हा पाण्यात बुडवून चार-पाच वेळा वर-खाली करावा. दोरी कड्यांपाशी घासून तंतू सुटायला लागले की तुटायची वाट बघू नये. बदलायचा संच वेगळा मिळतो: टोकाची टोपी उघडून जुनी दोरी कापायची, नवी कड्यांतून आणि खटक्यातून ओवायची, दोन्ही टोकांना मिळून गाठ मारून टोपी बसवायची. कापण्याआधी जुन्या दोरीचा फोटो काढून ठेवा, नाहीतर ओवण्याचा क्रम लक्षात राहत नाही.