‘ताई, सगळं सेट करून देतो’

वापरलेला लॅपटॉप घेताना मी काय काय तपासलं ते आधी सांगते, म्हणजे डोळे मिटून घेतला असेल असं कुणाला वाटायला नको. सोळा इंची मॅकबुक प्रो, एम१ प्रो चिप, ३२ जीबी रॅम, १ टीबी स्टोरेज. मशीनच्या माहितीत हेच दिसत होतं. बॅटरीच्या सायकल, म्हणजे चार्जिंगच्या फेऱ्या, दोनशेच्या आत. स्क्रीन बदललेली नाही ना म्हणून ट्रू टोनचा (आसपासच्या उजेडाप्रमाणे स्क्रीनचा रंग जुळवणारा) पर्याय आहे का ते पाहिलं. बाहेरच्या कुणाकडून स्क्रीन बदलून घेतली की तो बहुतेक वेळा गायब होतो. पडदाभर पांढरा, काळा, लाल रंग लावून डाग शोधले. शिवाय घरून माझीच एक जड फाइल नेली होती, गेल्या वर्षीच्या दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ. दुकानदाराने फोटोशॉप टाकूनच ठेवलं होतं (कुठून आणलेलं ते मी विचारलं नाही, तिथेच मी थोडी सामील झाले म्हणा). फाइल लोण्यासारखी उघडली.

माझं काम मुखपृष्ठं आणि पॅकेजिंगचं. पुण्यात घरूनच करते. जुना विंडोज लॅपटॉप ८ जीबीचा, आणि स्क्रीन स्वस्तातली, ४५ टक्के एनटीएससीवाली, म्हणजे मोजकेच रंग दाखवणारी. तिच्यावर आकाशकंदिलाचा केशरी फिका दिसायचा, म्हणून मी तो चढवत न्यायचे आणि छापखान्यातून विटकरी यायचा. म्हणून पी३ हा रंगांचा मोठा पट्टा दाखवणारी चांगली स्क्रीन हवी होती. या मॅकबुकची रॅम नंतर वाढवता येत नाही, बोर्डावर असते तेवढीच, त्यामुळे ३२ घेतानाच बघायची होती. २०२१ मध्ये हे मॉडेल आलं तेव्हा १६ जीबीवालंच २,३९,९०० रुपयांपासून होतं. ते माझ्या आवाक्यात नव्हतं. जाहिरातीत ३२ जीबीवालं ९८,००० ला दिसलं आणि मी दुसऱ्या दिवशी दुकानात हजर झाले.

तिसऱ्या मजल्यावर छोटं दुकान, काचेच्या कपाटात ओळीने मॅकबुक. पोरगा बोलायला गोड. “ताई, तुम्ही काहीच करू नका, मी सगळं सेट करून देतो,” म्हणाला. युजर तयार करून, माझं नाव घालून, वॉलपेपर लावून मशीन माझ्यासमोर ठेवलं. मला ते अगत्य वाटलं. बिलाचं विचारलं तर म्हणाला, “पक्कं हवं असेल तर १८ टक्के जीएसटी वर.” ९८ हजारांवर साडेसतरा हजारांच्या वर आणखी! मी कच्च्या बिलावर तयार झाले. माझ्या सीएने नंतर कपाळावर हात मारला. जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याला मार्जिन स्कीममध्ये पूर्ण किमतीवर नव्हे, फक्त त्याच्या नफ्यावर जीएसटी भरता येतो. माझ्या हातातल्या चिठ्ठीवर ‘मॅकबुक, १ नग’ एवढंच होतं. सीरियल नंबर नाही, दुकानाचा जीएसटी क्रमांक नाही.

अडीच महिने मशीन अप्रतिम चाललं. मग ऐन ऑक्टोबरात, दोन अंकांची मुखपृष्ठं हातात असताना, इलस्ट्रेटर सारखा बंद पडायला लागला. एका मित्राने सांगितलं, सगळं पुसून नव्याने टाक. बॅकअप वेगळ्या हार्डडिस्कवर होता, एवढं एक नशीब. पुसलं. भाषा निवडली, वायफाय जोडलं, आणि समोर पाटी आली: रिमोट मॅनेजमेंट. खाली एका परदेशी कंपनीचं नाव, आणि त्या कंपनीच्या कर्मचाऱ्याचा युजरनेम-पासवर्ड मागणारी चौकट. पुढे जायचं बटण तेवढंच. तीनदा बंद करून चालू केलं, तीनदा तेच.

प्रकार काय ते मला त्या रात्री कळलं. मोठ्या कंपन्या घाऊक मॅकबुक घेतात तेव्हा त्या मशीनचे सीरियल नंबर ॲपलच्या सर्व्हरवर कंपनीच्या नावाने नोंदलेले असतात. ती नोंद डिस्कवर नसतेच, त्यामुळे कितीही वेळा पुसा, मशीन इंटरनेटला लागलं की मालकाचं नाव विचारून घेतं. नोंद काढू शकते फक्त ती कंपनी. दुकानदार करतात ते एवढंच की पहिलं सेटिंग इंटरनेटशिवाय उरकायचं आणि मग मशीनमधल्या एका फाइलमध्ये ॲपलचे ठरावीक पत्ते अडवून ठेवायचे, म्हणजे मशीन ही नोंद विचारतच नाही. पुसलं की ती फाइलही जाते आणि पाटी येते. म्हणजे ‘सगळं सेट करून देतो’ यातच सगळं आलं.

व्हॉट्सॲपवर विचारलं तर पोरगा जराही दचकला नाही. “हे नॉर्मल आहे ताई, पुसायचं नसतं. घेऊन या, दोन हजारात करून देतो.” दर ठरलेला होता, म्हणजे माझ्यासारख्या आणखी कितीजणी! मी पैसे परत मागितले तेव्हा त्याचं ‘ताई’ गेलं आणि ‘मॅडम’ आलं. मॅडम, तुम्ही स्वतः पुसलंय, वॉरंटी संपली.

मुखपृष्ठं भाच्याच्या लॅपटॉपवर पूर्ण केली.

पुढचं थोडक्यात. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. मला वाटत होतं, लॅपटॉप धंद्यासाठी घेतला म्हणजे आपण ग्राहक नाही. पण २०१९ च्या कायद्यात स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगारासाठी घेतलेली वस्तू चालते. जिल्हा आयोगात पाच लाखांपर्यंत फी नाही, मुदत दोन वर्षं. वकिलाची नोटीस गेली. यूपीआयची नोंद आणि ‘दोन हजारात करून देतो’ हा त्याचा व्हॉट्सॲपवरचा व्हॉइस मेसेज, माझ्याकडे पुरावा एवढाच. तेवढ्यावर त्याने ७०,००० परत दिले आणि मशीन ठेवून घेतलं. उरलेले अठ्ठावीस मी सोडले.

आता कुणी जुना मॅकबुक घेत असेल तर रॅम, सायकल, स्क्रीन हे सगळं नंतर. आधी विकणाऱ्याच्या समोर मशीन पूर्ण पुसायला लावा, आणि नेट स्वतःच्या फोनच्या हॉटस्पॉटवरून द्या. दुकानाच्या वायफायवर नको, ते पत्ते राउटरवरही अडवता येतात. कुणाचंही नाव न विचारता मशीन सुरू झालं तर पुढचं बोला. अर्धा तास जातो. “आत्ताच सेट केलंय, कशाला पुसता?” असं म्हणाला तर उठा. आणि पक्क्या बिलावर सीरियल नंबर लिहून घ्या.

पैसे परत घेताना एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती, पण मी ती बोलले नाही. परवा त्याच दुकानाची जाहिरात दिसली. सोळा इंची, ३२ जीबी, ‘कंडिशन नव्यासारखी’. तिसऱ्या फोटोत बिजागरीजवळच्या डाव्या कोपऱ्यावर पोचा आहे. तो माझ्याच हातून पडला होता, ओट्याच्या कडेला आपटून. किंमत ९५,०००.