मुंबई सिटी की एफसी गोवा: तेरा सामन्यांच्या हंगामात कोणाची बाजू घ्यावी?

इंडियन सुपर लीगचा नवा हंगाम १४ फेब्रुवारी २०२६ रोजी सुरू होत आहे. एरवी सप्टेंबरमध्ये सुरू होणारी ही स्पर्धा अखिल भारतीय फुटबॉल महासंघ आणि स्पर्धेचे आयोजक यांच्यातील करार संपत आल्यामुळे आधी स्थगित झाली, ८ डिसेंबरला करार संपल्यावर पूर्णपणे अधांतरी राहिली आणि जानेवारीत सरकारने लक्ष घातल्यावर आटोपशीर स्वरूपात परत आली. चौदा संघ एकमेकांशी प्रत्येकी एकदाच खेळतील आणि एकूण ९१ सामने होतील. कोल्हापूर, सांगली, पुणे किंवा तळकोकणातील ज्या फुटबॉलप्रेमींच्या गावाचा संघ या लीगमध्ये नाही, त्यांच्यात सध्या एकच वाद रंगला आहे: या वेळी मुंबईच्या मागे उभे राहायचे की गोव्याच्या? पुण्याचा संघ २०१९ मध्ये बंद झाला, त्याची जागा हैदराबादने घेतली आणि २०२५ मध्ये तीही दिल्लीला गेली. त्यामुळे पश्चिम महाराष्ट्रातील प्रेक्षकाला निवड करायची झाली, तर हेच दोन शेजारी उरतात.

मुंबईच्या समर्थकांचा पहिला मुद्दा करंडकांचा असतो आणि तो खोडून काढता येत नाही. २०२०-२१ मध्ये साखळीत अव्वल राहिल्याबद्दल मिळणारी शील्ड आणि अंतिम फेरीचा चषक हे दोन्ही मान मुंबई सिटीने एकाच वर्षी मिळवले, २०२२-२३ मध्ये पुन्हा शील्ड जिंकली आणि ४ मे २०२४ रोजी कोलकात्याच्या सॉल्ट लेक मैदानावर मोहन बागानला त्याच्याच प्रेक्षकांसमोर ३-१ असे हरवून दुसऱ्यांदा चषक उचलला. गोव्याच्या खात्यात २०१९-२० ची एकच शील्ड आहे. चषकाच्या अंतिम फेरीत हा संघ २०१५ मध्ये चेन्नईयनकडून आणि २०१९ मध्ये बंगळुरूकडून हरला, त्यानंतर तो तिथवर पोहोचलेलाच नाही. गोव्याचा समर्थक यावर २०२१ चा ड्युरँड चषक आणि तीन सुपर कप पुढे करतो. मुंबईकर ते ऐकून घेतो, पण फारसे मनावर घेत नाही.

या दोन संघांमधले वैर मात्र करंडकांच्या हिशेबात मावणारे नाही. २०१५ मध्ये मडगावच्या फातोर्ड्याला, आपल्या घरच्या मैदानावर, गोव्याने मुंबईला ७-० असे धुतले होते आणि २०१९ च्या उपांत्य फेरीत गोव्याने मुंबईच्या अंधेरीतल्या मैदानावर येऊन ५-१ असा विजय मिळवला होता. त्यानंतर पारडे फिरले. २४ एप्रिल २०२४ रोजी उपांत्य फेरीच्या पहिल्या सामन्यात बोरिस सिंग आणि ब्रँडन फर्नांडिस यांच्या गोलांमुळे गोवा नव्वदाव्या मिनिटापर्यंत २-० असा पुढे होता आणि फातोर्ड्याच्या प्रेक्षकांनी विजय गृहीत धरला होता. नव्वदाव्या मिनिटाला लालियानझुआला छांगटेने एक गोल केला, पुढच्याच मिनिटाला विक्रम प्रताप सिंगने बरोबरी साधली आणि भरपाई वेळेच्या सहाव्या मिनिटाला छांगटेनेच तिसरा गोल करून सामना ३-२ असा फिरवला. अंधेरीतला परतीचा सामना मुंबईने २-० असा जिंकला, पण गोव्याचे खरे नुकसान त्या शेवटच्या सहा-सात मिनिटांतच झाले होते. मुंबई कठीण प्रसंगी मान टाकत नाही आणि गोवा हातातोंडाशी आलेला घास घालवतो, हे दोन्ही समज त्या रात्रीनंतर इतके पक्के झाले, की आजच्या वादातही निम्मी मते त्यावरच उभी असतात.

माझ्या मते येत्या हंगामाचा अंदाज बांधताना हाच आधार सर्वात निसरडा आहे. चौदा संघांनी एकमेकांशी एकदाच खेळायचे म्हटले, तर सामने बरोबर ९१ होतात, म्हणजेच बाद फेरीसाठी एकही सामना शिल्लक राहत नाही. गुणतक्त्यात जो वर राहील, तो विजेता. गेली दहा वर्षे गोव्याचे घोडे ज्या उपांत्य आणि अंतिम सामन्यांत अडले, ते सामनेच या वेळी नाहीत आणि मुंबईने ज्या सामन्यांतून आपला दरारा निर्माण केला, तेही नाहीत. २०२४ मध्ये मोहन बागानने साखळीच्या अखेरच्या दिवशी मुंबईला हरवून शील्ड हिसकावली होती. त्यानंतर तीन आठवड्यांनी मुंबईने त्याचे उट्टे काढले, कारण उट्टे काढायला अंतिम सामना होता. या वेळी अशी दुसरी संधी कोणालाच मिळणार नाही.

म्हणून तुलना साखळीतील सातत्याची करायला हवी. शेवटच्या पूर्ण हंगामात, म्हणजे २०२४-२५ मध्ये, गोव्याने २४ सामन्यांत ४८ गुण मिळवून दुसरा क्रमांक घेतला, तर मुंबई ३६ गुणांसह सहावी आली. गोवा चौदा सामने जिंकला आणि चार हरला. मुंबईने नऊ जिंकले, सहा गमावले आणि तब्बल नऊ बरोबरीत सोडले. हीच गती तेरा सामन्यांना लावली, तर गोव्याचे २६ आणि मुंबईचे १९ किंवा २० गुण होतात. अव्वल ठरलेल्या मोहन बागानचे त्या हंगामात ५६ गुण होते, म्हणजे तेरा सामन्यांच्या हिशेबाने तीस. त्यामुळे गोव्याला पसंती देणाऱ्यानेही विजेतेपद खिशात असल्याच्या थाटात बोलू नये. छोट्या हंगामात दैवाचा वाटा वाढतो, हे मुंबईच्या समर्थकांचे म्हणणे खरे आहे. चोवीस सामन्यांत तीन खराब आठवडे भरून काढता येतात, तेरा सामन्यांत ते शेवटपर्यंत नडतात. पण ज्या संघाला सामने बरोबरीत सोडवत बसण्याची सवय लागली आहे, त्याला असा हंगाम अधिक जाचक ठरतो, हे त्याच हिशेबाचे दुसरे टोक आहे.

मुंबईच्या बरोबऱ्यांमागचे कारण गोल करण्यात आहे. प्रशिक्षक डेस बकिंगहॅम यांच्या हाताखाली २०२२-२३ मध्ये हा संघ सलग अठरा सामने अपराजित राहिला होता आणि त्याने २० साखळी सामन्यांत ५४ गोल केले होते. दोन वर्षांनी २४ सामन्यांत त्याला २९ गोलच करता आले. बचाव फारसा ढासळलेला नव्हता, गोलही २८ च स्वीकारले गेले होते, परंतु पुढच्या फळीचा जोर ओसरला होता. त्यानंतर बाद फेरीत बंगळुरूने ५-० असा धुव्वा उडवला, तेव्हा समर्थकांनी तो एका वाईट रात्रीचा अपघात मानला. मला तो अपघात वाटला नाही, कारण समोरचा संघ पुढे गेल्यावर सामना परत खेचून आणण्याची ताकद वर्षभर कमी-कमी होत चालली होती. त्यात २०२५ च्या उन्हाळ्यात बिपिन सिंग ईस्ट बंगालला आणि मेहताब सिंग मोहन बागानला गेला. बिपिन म्हणजे २०२१ च्या अंतिम सामन्यात नव्वदाव्या मिनिटाला निर्णायक गोल करणारा आणि २०२४ च्या अंतिम सामन्यातही गोल करणारा खेळाडू. छांगटे, विक्रम, २०२४ मध्ये गोव्यातून आलेला ब्रँडन आणि गोलरक्षक फुर्बा लाचेन्पा हा कणा आजही उत्तम आहे, पण बाकावरची ताकद पूर्वीची राहिलेली नाही.

यापेक्षाही मोठा बदल मालकीत झाला आहे. २०१९ च्या अखेरीस मँचेस्टर सिटीच्या मालक समूहाने, सिटी फुटबॉल ग्रुपने, मुंबई सिटीची ६५ टक्के मालकी घेतली आणि संघाचे दिवस पालटले. पैसा आला, ही त्याची एक बाजू. प्रशिक्षक निवडण्याची आणि खेळाडू हेरण्याची शिस्त आली, हे त्याहून महत्त्वाचे होते. बकिंगहॅम आणि त्यांच्यानंतर आलेले पेत्र क्रात्की हे दोघेही त्याच समूहाच्या मेलबर्न सिटीतून मुंबईत आले. डिसेंबर २०२५ मध्ये, लीगच्या अनिश्चिततेचे कारण देऊन, हा समूह बाहेर पडला आणि संघ रणबीर कपूर व बिमल पारेख या मूळ मालकांकडे परतला. मुंबईकरांपैकी आशावादी गट म्हणतो, की तयार झालेला संघ एका हंगामात विस्कटत नाही. हे तेरा सामन्यांपुरते पटण्यासारखे आहे. मात्र जो वाचक पुढच्या पाच-सहा वर्षांसाठी संघ निवडत असेल, त्याने महिंद्रा युनायटेडचे उदाहरण आठवावे. २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकलेला मुंबईचा तो संघ २०१० मध्ये बंद झाला, कारण कंपनीचा निर्णय बदलला. मुंबईत फुटबॉलला प्रेक्षक आहे, पण संघाची मुळे वस्तीत रुजलेली नसली, की त्याचे भवितव्य बैठकीच्या खोलीत ठरते.

गोव्याची तक्रार नेमकी उलटी आहे आणि ती रास्तही आहे. आपण घडवायचे आणि मुंबईने न्यायचे, असे तिथला समर्थक वर्षानुवर्षे म्हणत आला आहे. २०२० मध्ये प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा आणि त्यांचे खेळाडू अहमद जाहू, ह्युगो बुमू, मुर्तादा फॉल आणि अस्सल गोंयकार मंदार राव देसाई हे सगळे मुंबईत आले आणि पहिल्याच वर्षी दोन करंडक जिंकले. २०२४ मध्ये मडगावचा ब्रँडनही त्याच वाटेने गेला. तरीही गोव्याचा संघ पुन्हा उभा राहतो, याचे कारण मला तिथल्या जमिनीत दिसते. ज्या राज्यातल्या एकट्या डेम्पो क्लबने पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवले, तिथे पुढचा मुलगा तयार होत असतोच. सध्या तो ब्रायसन फर्नांडिस आहे. २२ ऑक्टोबर २०२५ रोजी आशियाई क्लब स्पर्धेसाठी सौदी अरेबियाचा अल नास्र, म्हणजे रोनाल्डोचा संघ, फातोर्ड्याला आला, तेव्हा रोनाल्डो न आल्याची हळहळ सगळीकडे होती, पण ज्यांनी सामना पाहिला, त्यांच्या लक्षात राहिला तो ब्रायसनचा गोल. गोवा तो सामना २-१ असा हरला, मात्र मान खाली घालावी असे त्यात काही नव्हते.

प्रशिक्षक मानोलो मार्केझ ही गोव्याची दुसरी जमेची बाजू. हैदराबादला २०२१-२२ चा चषक जिंकून देणारे मार्केझ २०२४-२५ मध्ये गोव्याबरोबर भारतीय संघाचीही जबाबदारी सांभाळत होते. जुलै २०२५ मध्ये त्यातून मोकळे झाल्यावर त्यांचे पूर्ण लक्ष गोव्याकडे आले. मे २०२५ मध्ये जमशेदपूरला ३-० असे हरवून गोव्याने सुपर कप जिंकला आणि डिसेंबरमध्ये तो राखला. त्या डिसेंबरच्या स्पर्धेत उपांत्य फेरीत गाठ मुंबईशीच होती आणि गोवा २-१ असा जिंकला. गोव्याच्या टीकाकारांची एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी: ईस्ट बंगालविरुद्धचा अंतिम सामना गोलशून्य राहिला आणि निकाल पेनल्टीवर ६-५ असा लागला. गोलपुढची धार गोव्यालाही दर सामन्यात सापडेलच असे नाही आणि साखळीत पेनल्टीने निकाल लागत नाहीत, तिथे गोलशून्य सामन्याचा एकच गुण मिळतो.

परदेशी खेळाडूंच्या नावांवर पैज लावू नये, असे मी दोन्ही बाजूंना सुचवेन. लीग रखडल्यामुळे अनेकांनी भारत सोडला आणि केरळ ब्लास्टर्सच्या आद्रियान लुनासारखा कर्णधारही उसनवारीवर इंडोनेशियाला गेला. अशा वर्षी भारतीय खेळाडूंचा गाभा ज्याचा पक्का, तो संघ तरतो. या कसोटीवर संदेश झिंगन, उदांता सिंग, ब्रायसन आणि गोलरक्षक हृतिक तिवारी यांचा गोवा मुंबईच्या तोडीस तोड आहे, किंबहुना बचावात थोडा वरचढ.

आता प्रत्यक्ष सामना पाहायला जाण्याचा विचार. तेरा सामन्यांपैकी घरच्या मैदानावर कोणाला सहा, कोणाला सात मिळतील, त्यामुळे आधीपासून बेत आखावा लागेल. फातोर्ड्याच्या पंडित जवाहरलाल नेहरू मैदानात सुमारे एकोणीस हजार प्रेक्षक मावतात, अंधेरीच्या मैदानात सात हजारांच्या आसपास. अंधेरीचे मैदान लहान असल्यामुळे खेळ डोळ्यांसमोर घडतो आणि आझाद नगर मेट्रो स्थानकावरून चालत जाता येते. मुंबईत राहणाऱ्याने फार विचार करू नये. पण हेच लहान मैदान मोठ्या सामन्यांना अपुरे पडते आणि म्हणूनच २०२३ मध्ये मुंबईचे आशियाई सामने पुण्याच्या बालेवाडीत आणि नेरूळच्या डी. वाय. पाटील मैदानात झाले. कोल्हापूरहून मडगाव अंदाजे सव्वादोनशे किलोमीटर आहे आणि मुंबई पावणेचारशे. सावंतवाडी-कुडाळच्या प्रेक्षकाला तर कोकण रेल्वेने मडगाव अगदी शेजारी. शिवाय शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळ या स्थानिक संघांचा सामना पाहून मोठा झालेला कोल्हापूरकर फातोर्ड्याच्या गर्दीत लवकर रमतो. पेठ आणि तालीम यांच्यावर जीव टाकणाऱ्याला गावासाठी ओरडणारी गर्दी ओळखीची वाटते.

या सगळ्याचा विचार करता, यंदाच्या गुणतक्त्यात मी गोव्याला पहिल्या तिघांत धरतो आणि मुंबईला चौथ्या ते सातव्या क्रमांकांमध्ये. मुंबई शहरात राहणाऱ्याने, किंवा छांगटेचा खेळ हेच ज्याच्या फुटबॉलप्रेमाचे निमित्त असेल त्याने, अंदाज बाजूला ठेवून मुंबईचेच तिकीट काढावे. उरलेल्यांनी, विशेषतः घाटाखाली आणि घाटावर दक्षिणेकडे राहणाऱ्यांनी, गोव्याची बाजू घ्यायला हरकत नाही. ज्यांना अजूनही ठरवता येत नसेल, त्यांनी मुंबईचे पहिले चार सामने पाहावेत. त्यांत आठ किंवा अधिक गुण झाले आणि त्यातला एखादा विजय पिछाडीवरून आलेला असला, तर माझा मुंबईबद्दलचा अंदाज बदलावा लागेल. चारांपैकी दोन सामने पुन्हा बरोबरीत सुटले आणि गुण आठांच्या आत राहिले, तर मात्र उरलेल्या नऊ सामन्यांत अव्वल स्थान गाठणे मुंबईला जवळजवळ अशक्य होईल.