वाडीतली शाळा की समूह शाळा? ठरावावर सही करण्याआधी

वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा उभारण्याचे प्रस्ताव शिक्षण आयुक्तांनी सप्टेंबर २०२३ मध्ये मागवले. पुणे जिल्ह्यातलं पानशेत आणि नंदुरबारमधलं तोरणमाळ ही उदाहरणं समोर ठेवली होती. तुमच्या शाळा व्यवस्थापन समितीपुढे असा विषय आला असेल, तर द्विशिक्षकी शाळेत उमेदीची वर्षं घालवलेल्या माझ्यासारख्या शिक्षकाचं एवढं ऐका.

समूह शाळेत प्रत्येक इयत्तेला शिक्षक मिळू शकतो, खेळायला बरोबरीची मुलं मिळतात. वाडीवर मात्र एकच गुरुजी चार वर्ग सांभाळतात. ते केंद्रावर बैठकीला गेले की दुसरीची पोरं पाटीवर तेच तेच गिरवत बसतात. हे नुकसान खरं आहे, ते झाकू नका.

पण जुलैत ओढा फुगतो तेव्हा काय? सात वर्षांची पोर प्लास्टिकची खोळ डोक्यावर घेऊन काठाशी उभी असते, पलीकडून आई हाक मारते, आणि ती मागे फिरते. आठवडाभर असं झालं की ती धाकट्या भावाला सांभाळायला घरीच राहते. मुलींना एसटीचा मोफत पास पाचवीपासून मिळतो. त्याआधीच्या लहानग्यांचं काय? शिक्षण हक्क कायद्याच्या नियमांत पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी म्हटलंय, ते उगाच नाही. कातकरी, ठाकर वाड्यांवर तर पहिली गळती इथेच होते.

समितीचंही बघा. कायद्याने तिच्यात ७५ टक्के पालक लागतात. आज त्या सगळ्या तुमच्याच वाडीच्या आया-बाया आहेत, खिचडीत अळी निघाली तर तासाभरात शाळेत पोचतात. पाच गावांच्या समितीत तुमची एक बाई, तीही मजुरी बुडवून जाणार.

माझं मत स्पष्ट आहे: पाचवीपर्यंत वाडीतच ठेवा आणि दुसऱ्या शिक्षकासाठी भांडा. सहावी ते आठवीसाठी समूह शाळा चालेल, पण गाडीची हमी लेखी घ्या. खर्च कंपनीच्या सीएसआरमधून, म्हणजे सामाजिक कामाच्या निधीतून असेल तर करार किती वर्षांचा, त्यानंतर डिझेल कोण भरणार, हे ठरावातच लिहून घ्या. आणि आपल्या शाळेचा यू-डायस क्रमांक, म्हणजे शाळेची सरकारी नोंद, रद्द होणार का, तेही विचारा. तो क्रमांक गेला की पुन्हा मंजुरीसाठी पंचायत समितीच्या पायऱ्या झिजवाव्या लागतील.